उपयोगिता प्रमाणपत्र

एकोणतीस मार्चला पंचायत समितीतून फोन:
गुरुजी, परवापर्यंत खर्च दाखवा, नाहीतर पैसे परत जातात.
पैसे आले होते सव्वीसला.
पासबुकावर छापलेलं आहे, कोणीही पाहावं.

माल मी मागवला नव्हता.
तो पिकअपमधून उतरला, बिल आधीच फाडलेलं,
रक्कम आधीच भरलेली,
फक्त माझ्या सहीपुरती जागा कोरी
आणि शेजारी तेवढीच
पारबताबाई आड्यांची, अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती.
बाई गहू सोंगणं सोडून आल्या,
लुगड्याला कुसळं चिकटलेली.
म्हणाल्या, वाचून दाखवा नं गुरुजी, काय हाय त्याच्यात.
मी म्हणालो, नेहमीचंच आहे.

त्याच पंधरवड्यात संकलित चाचणी.
चौथीत नऊ लेकरं, वाघझरीत रेंज नाही,
गुण ॲपमध्ये भरायचे तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं.
शिडीच्या अकराव्या पायरीवर बसून
एका हाताने लोखंड धरून
मी अठ्ठेचाळीस टक्के भरले. खरे होते.
संध्याकाळी केंद्रप्रमुख डेहनकरांचा मेसेज:
तालुक्याची सरासरी बघा जरा.
टॉर्च दातात धरून पुन्हा चढलो.
ब्याण्णव.
टाकीत पाणी नव्हतं,
आत कबुतरं घुमत होती.

जुलैत ऑडिट आलं.
ठवरे नावाचे गृहस्थ, मधुमेही, चहा बिनसाखरेचा,
चष्मा यवतमाळला राहिलेला.
व्हाउचर डोळ्यांपासून हातभर लांब धरून म्हणाले,
ब्याण्णव टक्क्यांची शाळा तुमची, बोलवा की एखाद्या पोराला.
मी बोलवणार होतो सरपंचाच्या पुतण्याला.
त्याला वाचता येतं.
त्यांनी बोट केलं खिडकीजवळ,
करिष्मा टेकामकडे.

करिष्माच्या पेपरात नाव होतं, बाकी कोरं.
दहापैकी नऊ मीच दिलेले.

ती उभी राहिली. कागद नाकाशी नेला.
हा. त. हात.
धु. ण्या. चे.
मग एक शब्द आला, त्यावर अनुस्वार, खाली रफार की काय ते,
ती त्याच्याभोवती बराच वेळ फिरली
जशी नदीवर उतार शोधणारी बाई फिरते.
कें. द. र. केंद्र.
वर्गात कोणी हसलं नाही.
ठवरे घाई करीनात.
माझा शर्ट पाठीला चिकटलेला.
नळ, ती म्हणाली. मग आकडा. सहा.
आणि थांबली.

कागद हातात तसाच घेऊन ती बाहेर गेली.
मला वाटलं, लाजली.
परत आली तेव्हा पायाला चिखल.
सर, नळ तं तीनच हायत.
थोडं थांबून, खालच्या आवाजात:
अन् पाणी एकालेच येते.

आक्षेप क्रमांक चौदा.
तो यवतमाळला गेला, तिथून खाली आला,
पुन्हा वर, पुन्हा खाली,
दर टेबलावर एक शिक्का जास्त.
गटशिक्षणाधिकारी बदलून गेले. पुरवठादाराचा फोन बंद.
शेवटी लिफाफा माझ्याच नावाचा:
मुख्याध्यापकांनी खुलासा करावा.
तीन नळांची किंमत माझ्या पगारातून, तीन हप्त्यांत.
मी भरतो आहे. तक्रार नाही, अशातला भाग नाही,
पण ब्याण्णवाचा आक्षेप कोणी काढला नाही
आणि तो कोणत्या पगारातून कापतात
मला माहीत नाही.

ॲपमध्ये वाचनाचे स्तर आहेत:
अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद.
करिष्मासमोर मी खूण केली शब्दावर.
डेहनकरांनी फोन केला. मी उचलला नाही, रेंज नव्हती म्हणा.

परवा पुन्हा मार्च, पुन्हा पिकअप.
पारबताबाई आल्या, पण एकट्या नाही,
करिष्माचं मनगट धरून.
बाकावर बसल्या. कागद पोरीपुढे सरकवला.
वाच वं माय, म्हणाल्या, सावकाश वाच,
मले कुठी जायचं नाही.

पेन त्यांच्या हातात होतं.
टोपण काढलं नव्हतं.