नदीवरचा रस्ता

ऑक्टोबरातच न्युर्गुस्ताना
गाडीच्या काचेवर दुसरी काच चिकटवते,
मधे बोटभर हवा.
बॉनेटवर नमद्याची गोधडी,
शिवण वेडीवाकडी, नवऱ्याच्या हातची.
टायर बदलताना एक नट बर्फात हरवतो,
हातमोजा काढावाच लागतो.
बोटं लाकडाची.

"विकून टाक," शेजारचा मिचिल म्हणतो,
"जपानची म्हातारी, स्टिअरिंगही उजवीकडे."
ती नट शोधत राहते.

डिसेंबरात उणे बावन्न.
रात्री बॅटरी खोलून
कडेवर घेऊन येते,
ठेवते चुलीपाशी,
जिथे त्याचे बूट वाळायचे.

सकाळी किल्ली. पुन्हा किल्ली.
तिसऱ्यांदा गाडी खोकते,
तो उठताना खोकायचा तशी.

लेनाच्या बर्फावर उतरताना
ती पट्टा सोडते,
इथली रीतच आहे,
आणि दार जरासं उघडं ठेवते.