हवाई अंतर

नागाळा पार्कातल्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
मी शाळांचे ठिपके टाकते.
शिरोळ, हातकणंगले : ठिपक्याला ठिपका चिकटून,
दाणे टाकल्यावर कोंबड्या जमतात तशा
कारखान्याच्या चिमणीभोवती शाळा.
पश्चिमेला सरकावं तसा पडदा मोकळा होत जातो.
गगनबावड्याला पोचेतो
नुसता हिरवा उरतो, मधेमधे निळा.

इरफान मुजावर त्यावर दुसरा थर चढवतो :
शंभरातले किती पदवीपर्यंत पोचले.
जास्त तिथं गडद, कमी तिथं फिकं.
"बघा मॅडम, फिकं नि मोकळं एकावर एक बसतंय."
बसतंय खरं.
एक झोऱ्यांचा धनगरवाडा तेवढा बसत नाही.
हायस्कूल तीन किलोमीटर. नियमात.
तरी दहा वर्षांत दहावीच्या पुढं
एकही पोरगी नाही.

मग गेलो.
राधानगरी सोडून तासाभरानं जीप थांबली,
पुढं रस्ताच नव्हता, धरण होतं.
तीन किलोमीटरांतले दोन पाण्यात.
काठानं वळसा घालून चौदा.

सगुणाची आई शेणाचे हात तसेच ठेवून म्हणाली,
"साळा दिसतीया की हितनं.
वारं तिकडचं असलं तर घंटा बी ऐकू येती."

सगुणानं माझ्याकडचा कागद घेतला,
नकाशाची बाजू खाली केली
आणि कोऱ्या पाठीवर आधी गाडी काढली,
पावणेपाचची,
शाळा सुटायच्या पंधरा मिनिटं आधी निघणारी.
मग फाटा.
मग जांभळीखालची वाट,
जिथं अंधारात सोबत कुणीतरी लागतं.
मग तो कुणीतरी : भाऊ.
त्याच्यावर काट.
"त्यो गोव्याला गेला. हाटेलात."
शाळा काढायची राहिली,
कागद संपला होता.

मी विचारलं, पुन्हा जायचं का?
ती शेळीच्या कानातली गोचीड काढत राहिली.

आज अहवाल द्यायचाय.
धनगरवाड्यावर बोट ठेवून मी हायस्कुलापर्यंत रेघ ओढते,
पाण्यावरून ती सुरेख जाते, कुठं अडत नाही.
अंतराचं एकक निवडा, यंत्र म्हणतं :
मीटर, किलोमीटर, मैल, सागरी मैल.

सागरी मैलावर बोट जरा थांबतं.

"चहा सांगू का?" इरफान विचारतो.
सांग म्हणते.