भाग दुसरा

पहिला भाग वाचताना
दिवाडीच्या फेरीबोटीतून तीनदा उतरायचं विसरले होते.
मांडवीतला तो खवल्यांचा राजपुत्र
मिठागरातल्या पोरीसाठी
आपली भरती गहाण टाकतो,
आणि शाणू खलाशी विचारतो,
बाय, आज घर नाही का?

दुसरा नव्वद पानांचा. जाता-येता संपला.
आता त्याला पाय आहेत, पणजीत फ्लॅट.
ती रुसते, तो समजावतो.
भरती कुणी सोडवली, पत्ता नाही.
आणि खवले?
एका ओळीत गळून गेले.

फक्त पान एक्केचाळीसवर
ती झोपेत त्याच्या पाठीवरून हात फिरवते,
काहीतरी खरखरीत शोधत.
तिथं मी बोट ठेवून बसले.

शाणूनं दोर टाकला.
आज वेळेवर उतरले.