सोल म्हणजे बुटाचा?

माळ्यावर कॅसेटी निघाल्या,
टॉवेलाच्या रिजेक्ट तुकड्यात बांधलेल्या.
पेन्सिल घालून रीळ आवळली.
शहाण्णव सालचं पॉप, टीव्हीपुढं टेप धरून भरलेलं;
चकचकीत जॅकेटवाल्या पोराच्या आवाजाखाली
आमचे चार माग, खटक् खटक्,
आणि कडव्याच्या मधोमध नाना:
"सत्तय्या, बॉबिन आण की बे!"
गाणं अजून तोंडपाठ होतं.
नानांचा आवाज विसरलो होतो.

भार्गवी म्हणाली, पप्पा, आता हे ऐका. सोल.
म्हटलं, बुटाचा?
हसली. फोन रिकाम्या तांब्यात उभा केला.

कुणी बाई. इंग्रजी. शब्द एक कळंना.
पण ओळीच्या टोकाला जाऊन ती अडते,
श्वास घेते, मग पुढं
तसं, धागा तुटला की नाना माग थांबवायचे,
थुंकी लावून गाठ मारायचे.
चादरीत ती दिसायची नाही,
रात्री पांघरल्यावर हाताला लागायची.

अजून एक लाव, म्हटलं.
तेवढ्यात अख्ख्या अशोक चौकाची लाइट गेली.
शेजारचे मागसुद्धा गप्प.
चार टक्क्यांवर
तांब्या गातोय.