लहान तोंडी

करवत साठ सीसीची. ना धड हलकी, ना धड भारी.
हॅनकॉकच्या पुलापलीकडे मॅटिलाच्या गॅरेजातून घेतली,
दोनशे दहा डॉलर, वर दोन जुन्या साखळ्या फुकट.
बर्च, पॉपलर, कुंपणाचे खांब, सौनाचं सरपण,
एवढ्याला वीस इंची पातं पुरत होतं.
सकाळ-संध्याकाळ मी शाळेची बस चालवते.
याहून मोठं काही कापायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

मग घरामागचा ॲश वाळला.
हिरव्या भुंगेऱ्याची अळी सालीखाली
तीन वर्षं नागमोडी काहीतरी गिरवत राहिली.
बुंधा चौतीस इंच.
इंग्रजीत ॲश म्हणजे राखसुद्धा.
वडिलांच्या फिनिशमध्ये सार्नी, म्हणजे नुसतं झाड.
तोडणाऱ्याने अठराशे सांगितले.
म्हटलं, बघते.

लहान तोंडी मोठा घास घ्यायचा
तर आधी तोंड मोठं करावं लागतं.
चोवीस इंची पातं. विरळ दातांची साखळी,
कारण दाट दातांत भुसा कोंबला जातो
आणि बेताचं इंजिन घुसमटतं.
तेलाचा स्क्रू शेवटपर्यंत उघडा.
सायलेन्सरच्या आत पत्र्याची एक भिंत होती,
तिला ड्रिलने आणखी एक दार पाडलं.
ठिणगीची जाळी ठेवली. जुलैतलं जंगल
कुणाची थट्टा सहन करत नाही.
प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत सारून
फ्लायव्हील हाताने फिरवलं,
चेपलेलं टोक व्हर्नियरमध्ये धरलं.
एक मिलिमीटर. खालचं गॅस्केट अर्ध्याचं.
म्हणजे जागा होती. काढून टाकलं.

राहिला कार्बुरेटर. तो माझ्याच्याने होईना.

रेइनो आला. माझा भाऊ.
शाळेत त्याला नाव विचारलं की र, र,
आणि सगळा वर्ग त्याच्या आधी
त्याचं नाव सांगून मोकळा.
तो बोलायचा थांबला त्याला आता चाळीस वर्षं झाली,
अगदी गरजेपुरतं सोडून.

पक्कडीने त्याने प्लास्टिकची टोपी उपटली,
पातं हवेत धरून थ्रॉटल पूर्ण दाबला,
स्क्रू केसभर डावीकडे.
किंचाळणारी करवत अडखळायला लागली.
मी म्हटलं, बिघडली.
त्याने मान हलवली.
"रि-रिकामी असताना अ-अडखळलीच पाहिजे.
न अडखळणारी ज-ज-जळते."
पुढे "ला-लाकडात" एवढंच म्हणाला
आणि बाकीचं वाक्य बोटाने दाखवलं,
ॲशकडे.

लाकडात दात टेकले
आणि तो सगळा गडबडगुंडा एका सुरात आला.
पिवळट चुरा बुटांवर, गुडघ्यांवर,
जाड, लांब, नखांसारखा.
पाठकापाला एका बाजूने शिरले,
मग वळसा घालून दुसऱ्या,
कारण चोवीस म्हणजे चौतीस नव्हे,
कितीही भोकं पाडा.
मध्ये बिजागरीएवढं लाकूड राखलं.
पाचर ठोकायला करवत खाली ठेवली, कान उघडे केले.
पहिला घाव. दुसरा.
मेलेलं झाड वरून तुटतं, हे मला ऐकून माहीत होतं.

"रायली, डावीकडे हो, वरची फांदी येतेय."

एका दमात. शेजारच्या फाट्यापर्यंत जाईल असा आवाज.
मी डावीकडे होते तेव्हा
मी उभी होते तिथे एक लाकूड उभं घुसलं
आणि थरथरत राहिलं.
मागोमाग झाड गेलं, बरोबर जिकडे जायचं होतं तिकडे,
जमिनीने एकदा हुंकार दिला.

कितीतरी वेळ दोघंही खोडाकडे बघत होतो.
तापलेला सायलेन्सर टिकटिकत होता.
रेइनोने हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं.
"क-" म्हणाला. "क-क-"

थर्मास माझ्या हातातच होता.
तरी थांबले.