फडताळ, आवृत्ती ०.३

गुरुवारी रात्री बारा वाजता आम्ही दार उघडलं.
दार म्हणजे एक निळं बटण : उतरवून घ्या.
खाली बारीक अक्षरात, हे कच्चं आहे,
अडेल, मोडेल, खेळ हरवणार नाहीत
पण ओळ चुकेल. सांभाळून घ्या. कळवा.

दांडिया बाजारात, सेव-उसळीच्या दुकानावर आमची खोली.
फडताळाचं काम एवढंच :
संगणकात चार ठिकाणी पडलेले खेळ एका जागी लावायचे,
चित्र वर, नाव खाली,
कोपऱ्यात, आजवर किती तास घालवलेत.

सकाळपर्यंत त्रेसष्ट जणांनी उतरवलं.
धैवत नकाशावरची टिंबं मोजत होता,
आणंद, कर्जण, मिरज, एक थेट मस्कतला.
शुक्रवारी तक्रार नाही.
शनिवारी नाही.
रविवारी आम्ही स्वतःला हुशार समजू लागलो,
उसळीवर तरी जास्त मागवली,
धैवतने घरी फोन लावला, एक पण भूल नथी, मम्मी.

सोमवारी जिन्यावर चपला वाजल्या,
थांबल्या,
पुन्हा वाजल्या.
अच्युत सबनीस, वय एकाहत्तर,
रावपुऱ्यातल्या छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासलेली.
पाणी नको म्हणाले. पत्ता तुम्हीच दिलाय,
त्यात दांडियाचा डी दीर्घ पडलाय, ते वेगळं.
मग लांब वही उघडून वाचू लागले :

चूक पहिली.
चूक कळवण्याचं बटण चालत नाही.

धैवतने दाबून पाहिलं. मी दाबलं.
दबतं, छान दबतं,
खाली सावलीसुद्धा पडते, मीच काढलेली,
आणि मजकूर कुठेच जात नाही.
तीन दिवस त्रेसष्ट माणसं ते दाबत होती
आणि आम्ही सेव चावत होतो.

सबनीस थांबले नाहीत.
मुद्रितं वाचणारा पहिल्या चुकीवर थांबला
तर पुस्तक कधी निघायचं?
चूक दुसरी, पत्त्यांचा डाव दोनदा लागलाय.
चूक सातवी, आगगाडीच्या खेळापुढे अकराशे चार तास दिसतात.
आकडा बरोबर आहे.
तो सूनबाईंना दिसू नये अशी सोय हवी.
हे वाचताना त्यांनी वर पाहिलं नाही.
कुठली लाईन, मी विचारलं.
डभोईची छोटी. कुणा पोरानं बनवून ठेवलीय.
इंजिन चुकीचं आहे. वळणं बरोबर.

चूक अकरावी. ळ.
खेळांना मी मराठी नावं दिली आहेत.
'गोळाफेक' तुम्ही 'गोष्टी'च्या आधी लावता.
ळ हा ह नंतर. शाळेत शिकला असाल.

मी म्हणाले, यंत्राच्या तक्त्यातच तो ल शेजारी बसवलाय,
आम्ही नाही बसवला.
तक्ता कुणाचाही असो, ते म्हणाले, फडताळ तुमचं आहे.
नावात ळ घेतलात
आणि त्याला बसायला जागा नाही?
धैवत पुटपुटला, आमच्यातही ळ छेल्लोच.

रात्री दहाला बटण सुधारलं.
एक स्वल्पविराम होता, नको तिथे.
सबनीसांना फोनवर सांगितलं.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. हसत असावेत.

मग लोकांच्या यंत्रांत तुंबलेलं सगळं एकदम आलं,
दोनशे नऊ.
कर्जणच्या मुलाची सगळी चित्रं उलटी.
मिरजेच्या बाई : पंखा विमानासारखा का घोंघावतो?
मस्कत, शुक्रवार : इथे नावं उमटत नाहीत, नुसते चौकोन.
मस्कत, शनिवार : कुणी आहे का?
मस्कत, रविवार : फक्त प्रश्नचिन्ह.

त्याला आधी लिहिलं. आहोत.

पहाटे ळ ला उचलून
ह च्या पलीकडे नेऊन ठेवला.
त्याने बसता बसता क्ष ची रांग मोडली.
चूक दोनशे दहावी.
अजून कुणी कळवलेली नाही.