लाल कणीस

लिस्बनहून आलेली पोरगी विचारते,
बेल्मिरुकाका, तुमच्या गाण्यांत
नाच म्हणजे नेमकं काय?
आणि मेजावर, पावाच्या चुऱ्यात,
तिचं यंत्र लाल डोळा उघडून बसतं.

मुली, चुकीच्या माणसाकडे आलीस.
मी जन्मात एकदाही नाचलो नाही.
बाराव्या वर्षी कॉन्सर्टिना गळ्यात पडली.
बाप म्हणाला, वाजवणाऱ्याला जेवण फुकट.
तेव्हापासून मी खळ्याच्या कडेला, दगडावर,
आणि गाव गोल गोल.

विरा म्हणतो आम्ही त्या नाचाला.
विरा म्हणजे वळ. बस, एवढंच.
गाणारी ओरडते, वळ! की सगळे वळतात,
समोरचा चेहरा जातो, दुसरा येतो.
यात अर्थ तो कुठला काढायचा?

एक गायचो आम्ही:
घागर खाली ठेव गं पोरी, वळ गं एकदा वळ,
नदीसुद्धा वळली बघ पुलाच्या जवळ.

नदी कुठली वळते.
वळला होता अदोझिंदाचा नवरा,
रात्री, डोंगरातल्या चोरवाटेनं, फ्रान्सकडे,
खमिसाच्या अस्तरात पैसे शिवून.
तसं गाता येत नव्हतं.
दारूच्या पिंपाशी शिपाई उभे असायचे,
तेही ताल धरायचे.
म्हणून नदी.
आणि बायका त्या शब्दावर टाच अशी आपटायच्या
की कोठारातले उंदीर खांबावरून खाली.

मका सोलायच्या रात्री नियम असायचा:
ज्याला लाल दाण्यांचं कणीस सापडेल
त्यानं सगळ्यांना मिठी मारत फिरायचं.
माझे दोन्ही हात वाद्यात.
न सोलणाऱ्याला काय सापडणार?

एका वर्षी, सत्तर असेल, नाहीतर एकाहत्तर,
माझा धाकटा भाऊ अंगोलात होता तेव्हा,
सगळं आटोपल्यावर वाद्य ठेवायला डबा उघडला,
तर आत लाल कणीस.
सोललेलं, साफ, एक धागा नाही.
कोणी ठेवलं, मी विचारलं नाही.
नियमात बसतं का तेही कळेना.
सापडलं तर होतं.
घरी नेऊन आढ्याला टांगलं.
दाणे उंदरांनी खाल्ले. बुरकुंड अजून आहे.

पुढच्याच थंडीत पत्र आलं, पॅरिसजवळ परांची कोसळली म्हणून.
अदोझिंदानं काळं घातलं.
आमच्याकडे काळं घातलं की ते उतरत नाही.
काळ्यातली बाई खळ्यावर येऊ शकते,
उभी राहू शकते. नाचायचं नाही, गायचंही नाही.
ती उभी राहायची माझ्या डाव्या हाताला,
हात पोटाशी बांधून, चेहरा चर्चच्या भिंतीसारखा.

पण वाजवणारा मान खाली घालून वाजवतो.
त्याला माणसं दिसत नाहीत, पाय दिसतात.
त्या काळ्या घेराखाली, लाकडी तळाच्या जोड्यात,
तिची उजवी टाच
अर्धं बोट वर यायची,
आणि "वळ" आलं की
खाली.
आवाज नाही.
अठ्ठेचाळीस उन्हाळे.
माझा ताल चुकायचा. मी तिच्या टाचेकडे बघून सावरायचो,
लोक म्हणायचे, काय हात आहे बेल्मिरुचा.

नाचाचं विचारायचं तर तिला विचार.
वर, झऱ्यापाशी, निळं दार. चावी दारालाच असते.
ती म्हणेल, मला नाचातलं काय कळतं.
तेव्हा खाली बघ.

आणि ते कणसाचं...
तेही यंत्रात गेलं का?
पुसता येतं का गं
तेवढंच?